शब्दाचा भाव : सागरी तार आणि बिनतारी



तार करावयाची म्हणजे आधी शब्द मोजावयाचे, ही सवय आपल्याकडे तीन-चार पिढ्यांच्या अंगी मुरलेली होती. तारघराच्या खिडकीशी उभे राहून लिहिलेला मजकूर पुन्हा एकदा वाचावयाचा, त्यातला 'कृपया' खोडावयाचा, 'लवकर' खोडावा की ठेवावा याचा विचार करावयाचा, आणि मग फॉर्म आत सरकवावयाचा. १४ जुलै २०१३ रोजी आपल्या देशातील तारसेवेचा शेवटचा दिवस झाला आणि ही सवयही इतिहासजमा झाली. पण शब्दाला भाव होता म्हटल्यावर तो भाव कोणीतरी ठरवीत असले पाहिजे. कोण ठरवी, आणि कशावरून? देशांतर्गत तारेपुरते याचे उत्तर सोपे आहे, सरकार ठरवी. समुद्रापलीकडे जाणाऱ्या शब्दाचे उत्तर मात्र इतके सोपे नाही, आणि त्या उत्तरातले एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या पुण्याजवळ, खडकी आणि दौंड येथे घडले आहे. ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामधली पहिली तार समुद्रातून थेट आलेली नव्हती. १८६४ साली इराणच्या आखातात तार टाकली गेली, पुढील वर्षी ती तुर्कस्तानच्या जमिनीवरील तारांना जोडली गेली, आणि कराचीहून लंडनला निरोप जाऊ लागला. वीस शब्दांना पाच पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावाने पन्नास रुपये पडत. एवढे पैसे मोजून निरोप पोचावयास कित्येक दिवस लागत, आणि वाटेतल्या तुर्की, ग्रीक, इटालियन कारकुनांच्या हातून गेलेली इंग्रजी वाक्ये लंडनला पोचेपर्यंत ओळखू येईनाशी होत. १८७० साली मात्र 'ग्रेट ईस्टर्न' नावाचे ते अगडबंब जहाज मुंबईला आले. त्याने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तार अंथरली, आणि सुएझ, माल्टा, जिब्राल्टर असे करीत त्याच वर्षी मुंबई इंग्लंडच्या किनाऱ्याला जोडली गेली. या उद्योगामागे जॉन पेंडर हा कापडाचा व्यापारी होता. त्याने आपल्या लहान लहान कंपन्या १८७२ मध्ये एकत्र करून जी कंपनी उभारली तीच पुढे पन्नास-पंचावन्न वर्षे पूर्वेकडच्या संदेशवहनाची जवळजवळ सम्राज्ञी होऊन बसलेली ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी.

जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की, त्याच सुमारास जमिनीवरून रशिया-इराणमार्गे येणारी सीमेन्स बंधूंची दुसरी तारही सुरू झाली होती, आणि आखातातील तार तर खुद्द हिंदुस्थान सरकारच्या मालकीची होती. म्हणजे एकाच गावाला जाणाऱ्या तीन वाटा झाल्या. आता स्पर्धा होऊन दर उतरावेत अशी आपली अपेक्षा. झाले भलतेच. १८७०च्या दशकातच तिघांनी मिळून एक 'सामाईक थैली' काढली. कोणत्याही वाटेने निरोप जावो, हिंदुस्थानच्या निरोपांचे सारे उत्पन्न एका थैलीत जमा व्हावयाचे आणि ठरल्या हिश्शांनी वाटून घ्यावयाचे! या थैलीत आपल्या सरकारचाही वाटा होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दर उतरावा अशी प्रजेची मागणी ज्या सरकारपुढे यावयाची, तेच सरकार दर चढा राहण्यात भागीदार होते.

१८८६ पासून १९०२ पर्यंत लंडनला एका शब्दाचा दर चार शिलिंग होता. रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स ठरल्यानंतरचा हिशेब धरला तर एका शब्दाला तीन रुपये. पत्ता आणि सही धरून दहा शब्द म्हणजे तीस रुपये. गिरणीतल्या साध्या कामगाराच्या महिन्याच्या पगाराहून ही रक्कम मोठी होती. घरचे सुखदुःख कळविण्यासाठी ही तार नव्हतीच. सरकार, लष्कर, वर्तमानपत्रांना बातम्या पुरविणारी रॉयटर, आणि मुंबईचे व्यापारी ही तिची गिऱ्हाइके.

या व्यापाऱ्यांनी दरावर जो तोडगा काढला तो मोठा गमतीचा आहे. शब्दाला तीन रुपये पडतात ना, मग एकाच शब्दात आख्खे वाक्य कोंबावे! त्यासाठी जाडजूड सांकेतिक कोश छापले गेले. पेढीवरचा कारकून कोश उघडी, आणि 'अमुक प्रतीच्या कापसाच्या अमुक गाठी अमुक भावाने जहाजावर चढवा' एवढा मजकूर एका अर्थहीन शब्दात बसवून देई. लिव्हरपूलला तोच कोश उघडून दुसरा कारकून तो शब्द सोडवी. कंपन्यांनी मग नियम केला की असा शब्द दहा अक्षरांहून मोठा असता कामा नये आणि तो उच्चारता आला पाहिजे. लगेच पाच-पाच अक्षरांचे कोश निघाले, आणि दोन संकेत जोडून दहा अक्षरांचा एक शब्द होऊ लागला. कंपनी नियम करी, व्यापारी त्यातून वाट काढी. एक अक्षर चुकले तर शंभर गाठींच्या हजार होत, हा भाग वेगळा. दरपत्रकावरचा आकडा आणि गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष पडणारा खर्च यांत किती अंतर असू शकते ते यावरून दिसेल. कोश विकत घेण्याची, कारकून ठेवण्याची ज्याची ऐपत, त्याला तार स्वस्त पडे. ज्याची ऐपत नाही त्याला पूर्ण भाव.

लॉर्ड कर्झन यांच्याविषयी आपल्या मनात फारसे ममत्व असण्याचे कारण नाही, परंतु या बाबतीत त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. चार शिलिंगांचा दर अन्यायाचा आहे असे त्यांचे मत होते, आणि त्यांच्या कारकिर्दीत, १९०२ साली, तो अडीच शिलिंगांवर आला. ईस्टर्न कंपनी यामुळे बुडाली नाही. उलट तिची गंगाजळी वाढतच राहिली.

त्याच १९०२ साली प्रशांत महासागरातून कॅनडा ते ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड अशी तार पूर्ण झाली. ही तार कोण्या कंपनीची नव्हती. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या सरकारांनी ती मिळून टाकली होती. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी आणि कोठेही परक्या भूमीला न शिवणारी अशी साम्राज्याची तार असावी ही त्यामागची कल्पना. तिचे महत्त्व १९१४ साली कळले. युद्ध पुकारल्यावर काही तासांतच इंग्रजांच्या जहाजाने जर्मनीच्या समुद्रातील तारा कापल्या. जर्मनांना आपले निरोप बिनतारीने किंवा परक्यांच्या तारांनी धाडणे भाग पडले, आणि ते वाटेत ऐकून, त्यांचे संकेत सोडवून इंग्रजांनी पुष्कळ लाभ उठवला. समुद्राच्या तळाशी असलेली तार त्या काळी सहजासहजी चोरून ऐकता येत नसे. हवेत सोडलेला शब्द मित्राला ऐकू जातो तसा शत्रूलाही. हा धडा इंग्रज सेनानी आणि मुत्सद्दी कधी विसरले नाहीत. पुढची गोष्ट समजण्यासाठी आपणही तो विसरता कामा नये.

साम्राज्यभर बिनतारी ठाण्यांची साखळी उभारावी हा विचार १९११ पासून चालू होता, आणि तिच्यातील एक कडी मुंबईला असावी असे त्या वेळच्या योजनेत होते. मार्कोनी कंपनीला कंत्राट देण्यावरून पार्लमेंटात मोठे वादळ झाले, मंत्र्यांवर शेअरच्या सट्ट्याचे आरोप झाले, मग युद्ध आले, आणि साखळी कागदावरच राहिली. तोपर्यंतची बिनतारी लांब लहरींची होती. तिला प्रचंड मनोरे लागत, शेकडो किलोवॅट वीज लागे. तिच्या खर्चाकडे पाहून केबल कंपन्या निर्धास्त होत्या.

१९२४ पर्यंत चित्र पालटले. मार्कोनी आणि त्याचा सहकारी फ्रँकलिन यांनी आखूड लहरींवर प्रयोग केले. या लहरी आरशाने प्रकाश फेकावा तशा एकाच दिशेला झोताने फेकता येतात असे त्यांना आढळले. त्यामुळे वीसएक किलोवॅटमध्ये पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला शब्द पोचू लागला. इंग्लंडच्या टपालखात्याशी झालेल्या करारात मार्कोनी कंपनीने मिनिटाला शंभर शब्द नेण्याची हमी दिली. दिवसातून किती तास नेईन हेही लिहून दिले : कॅनडाला अठरा, हिंदुस्थानला बारा, दक्षिण आफ्रिकेला अकरा, ऑस्ट्रेलियाला सात. चोवीस तासांची हमी नाही, कारण सूर्याच्या उगवण्या-मावळण्याबरोबर या लहरींचा स्वभाव बदलतो. केबलला रात्र आणि दिवस सारखाच.

ऑक्टोबर १९२६ मध्ये कॅनडाशी, एप्रिल १९२७ मध्ये ऑस्ट्रेलियाशी, जुलैमध्ये दक्षिण आफ्रिकेशी आणि सप्टेंबरमध्ये हिंदुस्थानशी ही झोताची सेवा सुरू झाली. आपल्याकडचे प्रक्षेपणाचे ठाणे खडकीला आणि ग्रहणाचे ठाणे दौंडला होते. दोन्ही ठाणी तारांनी मुंबईच्या कचेरीला जोडलेली. मुंबईत दिलेला निरोप तारेने खडकीला जाई, तेथून आकाशात फेकला जाई, तो थेट इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर. लंडनचे उत्तर दौंडच्या माळावर उतरे. मनमाड किंवा सोलापूरच्या गाडीची वाट पाहत दौंडच्या फलाटावर ज्यांनी तासन्‌तास काढले आहेत, त्यांपैकी किती जणांना ही गोष्ट माहीत असेल?

आता दर. या नव्या सेवेचा दर ढोबळ मानाने केबलच्या दराच्या दोन-तृतीयांश ठेवला गेला. याचा अर्थ नीट पाहा. बिनतारीचा खर्च केबलच्या दोन-तृतीयांश होता म्हणून हा दर ठरला काय? मुळीच नाही. समुद्रातील तार टाकावयास कोट्यवधी रुपये लागतात. बिनतारीला दोन टोकांना दोन ठाणी लागतात, मधला समुद्र फुकट. नवा दर खर्चावरून ठरलाच नव्हता. केबलच्या दराकडे एक डोळा ठेवून तो ठरला होता. गिऱ्हाईक ओढता यावे इतका तो कमी, आणि जुने दुकान एका रात्रीत बसू नये इतका जास्त. इंग्लंडचे टपालखाते स्वतःच अटलांटिकमधील केबलांचे मालक होते, प्रशांत महासागरातील केबलीत इंग्लंड भागीदार होते, आणि दैवदुर्विलास असा की, त्या केबलीच्या जोडीला वीस लाख पौंडांहून अधिक खर्चून दुसरी केबल टाकण्याचे काम नेमके १९२६ सालीच पुरे झाले होते. सरकारचा एक हात दुसऱ्या हाताशी स्पर्धा करीत होता.

तरीही धक्का जबर बसला. सुरुवातीच्या काही महिन्यांतच केबल कंपन्यांच्या व्यवसायाचा मोठा हिस्सा बिनतारीकडे गेला. त्यांनी आपले दर उतरवून पाहिले, पण ओघ थांबेना. मग ईस्टर्न कंपनीने हुकमाचे पान टाकले. 'आमच्यापाशी मोठी गंगाजळी आहे. धंदा तोट्याचा होत असेल तर आम्ही तो आवरून ती भागधारकांना वाटून मोकळे होऊ. समुद्रातल्या तारांचे काय होईल ते सरकारने पाहावे.' सेनानींच्या काळजाचा ठोका चुकला. १९१४चा धडा त्यांना आठवला.

नदीवर तर चालते आहे अशी कल्पना करा. तरीवाला दरडोई दोन आणे घेतो. सरकार पूल बांधते आणि पुलाला पाच पैसे टोल ठेवते. लोक साहजिकच पुलावरून जाऊ लागतात. तरीवाला म्हणतो, 'मी होडी मोडून लाकूड विकतो. पण पुरात पूल वाहून गेला तर मला हाक मारू नका.' गावाची पंचाईत होते, कारण पूर येतोच. आता गावाने काय करावे? पट्टी गोळा करून तरीवाल्याला वर्षासन बांधून द्यावे आणि पूल आपल्या हाती ठेवावा, हा एक मार्ग. पूलच तरीवाल्याच्या स्वाधीन करावा आणि 'टोलातून तुझी होडीही जगव' म्हणावे, हा दुसरा. जानेवारी ते जुलै १९२८ या काळात लंडनला साम्राज्याची तार व बिनतारी परिषद भरली होती. तिने दुसरा मार्ग पत्करला.

परिषदेच्या शिफारशींवरून १९२९ साली केबल कंपन्या आणि मार्कोनीची संदेशसेवा यांचे एकत्रीकरण झाले. तीन कोटी पौंड भांडवलाची नवी संदेशवहन कंपनी निघाली. १९३४ पासून जगाने तिला 'केबल अँड वायरलेस' या नावाने ओळखले. इंग्लंडमधील सरकारी बिनतारी ठाणी तिला पंचवीस वर्षांच्या पट्ट्याने, वर्षाला अडीच लाख पौंड भाड्याने दिली. तिचा पहिला अध्यक्ष सर बॅसिल ब्लॅकेट. हे गृहस्थ आपल्याला अपरिचित नाहीत. १९२२ ते १९२८ पर्यंत व्हाइसरॉयच्या मंडळातील अर्थसभासद तेच होते. विलायतेत मजूर पक्षाने आणि टपाल कामगारांच्या संघटनेने या व्यवहाराला कडाडून विरोध केला. लोकांच्या पैशाने उभारलेली नफ्याची सेवा खाजगी कंपनीच्या पदरात का घालता, हा त्यांचा प्रश्न होता, आणि माझ्या मते तो रास्त होता.

दरांसंबंधी या व्यवस्थेत दोन कलमे होती. सल्लागार समितीच्या संमतीवाचून कंपनीने दर वाढवू नयेत, हे पहिले. ठराविक उत्पन्न वर्षाला १८ लाख ६५ हजार पौंड धरावे, आणि त्याहून जे अधिक येईल त्यातील निम्मे कंपनीने घ्यावे, निम्मे दर कमी करण्यात खर्चावे, हे दुसरे. वाचावयास किती न्यायाचे! पण स्वस्ताई आधी यावयाची नव्हती. आधी जुन्या-नव्या साऱ्या भांडवलाला ठरलेले उत्पन्न मिळावयाचे, मग उरले तर गिऱ्हाइकाला. आणि १९२९च्या अखेरीस जगात मंदी आली. व्यापार आटला, निरोप आटले. जे निरोप उरले त्यांतले काही विमानाच्या टपालाने नेले. १९२९ मध्ये लंडन-कराची विमानसेवा सुरू झाली, ऑक्टोबर १९३२ मध्ये टाटांचे विमान कराचीहून टपाल घेऊन मुंबईला आले. कंपनीला ठरलेले उत्पन्नच गाठता येईना, तेव्हा त्यावरचे कोठून येणार? गिऱ्हाइकाचा निम्मा वाटा करारातल्या ओळीतच राहिला.

येथे कोणी म्हणेल, 'मग केबल मरू द्यावयाची होती काय?' नाही, मी असे म्हणत नाही. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली, भूमध्य समुद्रातील केबलमार्ग बंद पडला, आणि आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या केबलींनी तो भार उचलला. केबली टिकवल्या हे शहाणपणाचेच झाले. प्रश्न आहे तो एवढाच, की त्यांच्या निर्वाहाचा भार कोणी सोसावयास हवा होता. केबल हे जर साम्राज्याच्या संरक्षणाचे साधन, तर तिचा खर्च तोफा आणि आगबोटी यांच्याच खात्यावर, पार्लमेंटच्या मंजुरीने, उघडपणे पडावयास हवा होता. तसे न करता तो शब्दाच्या दरात मिसळून टाकला. कापसाच्या भावाची तार करणारा मुंबईचा व्यापारी, विलायतेत शिकणाऱ्या मुलाची खुशाली विचारणारा बाप, परदेशची बातमी मागविणारे वर्तमानपत्र यांच्याकडून तो वसूल झाला. हा दर नव्हता, दराच्या वेषातला कर होता. अंदाजपत्रकातला कर निदान दिसतो, त्यावर वाद करता येतो. दरपत्रकात लपलेल्या करावर कोण वाद करणार? हिंदी संरक्षणखर्चाविषयी गोखल्यांपासून सर्वांनी कायदेमंडळात तोंडी लढाई केली, पण हा पैसा त्या कागदांत कधी आलाच नाही.

आपल्याकडेही विलायतेचाच कित्ता गिरवला गेला. १९३२ साली मुंबईची केबल आणि खडकी-दौंडची बिनतारी एका कंपनीच्या हाती आली, आणि ज्या स्पर्धेने दर उतरवला होता ती पाच वर्षांच्या आत संपली. पुढच्या वर्षी मे महिन्यात मुंबई-लंडन बिनतारी टेलिफोन सुरू झाला. तो अर्थात लक्षाधीशांसाठीच होता.

१९३८ साली विलायतेत हिशेब पुन्हा मांडला गेला. कंपनीचे भाडे माफ झाले, ठाणी तिच्या मालकीची झाली, मोबदल्यात सरकारला सव्वीस लाख शेअर मिळाले, आणि साम्राज्यात कोठूनही कोठेही शब्दाला एक शिलिंग तीन पेन्सांहून अधिक दर नसावा असे ठरले. ठरलेल्या उत्पन्नाचा आकडाही खाली आणावा लागला. म्हणजे दहा वर्षांपूर्वी जो आकडा रास्त नफा म्हणून लिहिला गेला होता, तो अवास्तव होता हे लिहिणाऱ्यांनीच कबूल केले.

१ जानेवारी १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या साडेसात महिने आधी, हिंदुस्थान सरकारने ती कंपनी ताब्यात घेऊन परदेश संदेशवहनाचे खाते काढले. केबल आणि बिनतारी एकाच कंपनीत असल्याने दोन्ही एकदम हाती आल्या. १९८६ मध्ये त्या खात्याचे विदेश संचार निगम झाले, आणि २००२ मध्ये निगमाचा कारभार टाटांकडे गेला. परदेशी निरोपाचा धंदा अशा रीतीने खाजगी हातातून सरकारी आणि सरकारी हातातून पुन्हा खाजगी हातात गेला. समुद्राच्या तळाशी मात्र आजही मुंबईपासून तारा जातात. त्या तांब्याच्या नाहीत, काचेच्या तंतूंच्या आहेत, आणि परदेशी जाणारे आपले बहुतेक निरोप बिनतारीने नव्हे, याच तारांनी जातात.